रिकामा रकाना

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रात्रीचे जेवण आटोपले की ते भिंतीला टेकून बसत, मांडीवर लांबट वही घेत आणि दिवसभराचा खर्च लिहून काढीत. वीज नसली तर कंदील जवळ ओढीत, पण लिहिणे चुकत नसे. १९८३ पासून २००९ पर्यंतच्या त्या वह्या उमापूरच्या घरी आईच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, हे मला ठाऊक होते. त्या कधी उघडून वाचाव्यात असे मात्र वाटले नव्हते. माणूस गेल्यावर त्याची पत्रे वाचाविशी वाटतात, हिशेब वाचावासा वाटत नाही.

गेल्या दिवाळीत त्या उघडल्या गेल्या त्या दादामुळे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वीस-बावीस वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. त्याला तक्ते करण्याची भारी हौस. त्याने फोनवर सांगितले, 'प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठव.' मी दोन दुपारी ओसरीवर बसून ते काम केले. आई अधूनमधून येऊन पाही आणि 'काय त्या कागदाचं एवढं' म्हणून निघून जाई. पंधरा दिवसांनी दादाचा तक्ता आला. डावीकडे उमापूर, १९८६. उजवीकडे न्यू जर्सी, २०२४. मध्ये अण्णांनीच पाडलेली खाती: किराणा, भाजीपाला, दूध, कापडचोपड, शाळा, शेती, औषधपाणी, आहेर व देणे, संकीर्ण. प्रत्येक खात्यापुढे एकूण खर्चाशी टक्केवारी. खाली दादाची टीप होती: 'अण्णा एंगेलचा नियम तंतोतंत पाळत होते.'

मराठीच्या प्राध्यापिकेला एंगेल कोठून माहीत असणार! मी आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांना विचारले. प्राध्यापक-कक्षात प्रथम तो मार्क्सचा मित्र समजला जाऊन थोडी चर्चाही झडली; मग कळले की मार्क्सचा मित्र एंगल्स वेगळा आणि हा अर्न्स्ट एंगेल वेगळा. हा सॅक्सनीच्या सांख्यिकी कार्यालयाचा प्रमुख. बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च द्युकपेत्यो नावाच्या गृहस्थांनी १८५५ साली प्रसिद्ध केले होते. त्याच साली फ्रान्समध्ये ल प्ले यांनी युरोपभरच्या कामगार कुटुंबांची अशीच सविस्तर वर्णने छापली होती. एंगेलने ते आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि १८५७ साली एक साधी गोष्ट मांडली: कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा. उत्पन्न वाढले की अन्नावरचा खर्च वाढतो खरा, पण त्याचे प्रमाण घटत जाते. पोटाला मर्यादा आहे, बाकीच्या गोष्टींना नाही, एवढेच त्याचे सार.

नियम इतका साधा आहे की तो कोणत्याही गृहिणीने सांगितला असता. पण त्याचे बळ असे की त्यामुळे चलन, भाव, देश, शतक हे सारे बाजूला सारून दोन घरांची तुलना करता येते. रुपयाचे डॉलर करत बसावे लागत नाही. शंभरातले किती, एवढेच विचारायचे. नायजेरियाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत हा हिस्सा ५६.६५ टक्के निघाला. अमेरिकेत २०२३ साली तो १२.९ टक्के होता, बाहेरचे खाणे धरून. तिथे सर्वांत मोठे खाते घराचे, ३२.९ टक्क्यांचे. आपल्या ग्रामीण भागात १९९९-२००० साली तो ५९.४ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ४६.३८ आणि पुढल्याच वर्षी ४७.०४. जपानात तर 'एंगेल गुणांक' हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. तिथे २०२४ साली दोन किंवा अधिक माणसांच्या कुटुंबांसाठी तो २८.३ टक्क्यांवर गेला, गेल्या चार दशकांतला सर्वाधिक, आणि वर्तमानपत्रांनी त्याची चिंतेने दखल घेतली. श्रीमंत देशातही भाव चढले, माणसे म्हातारी झाली, मिळकत आटली की काटा पुन्हा पोटाकडे सरकतो.

दादाच्या तक्त्यात १९८६ च्या उमापूरचा अन्नाचा हिस्सा निम्म्याहून बराच अधिक होता आणि त्याच्या स्वतःच्या घरचा जेमतेम आठवा. तो आकडा पाहून मला नायजेरिया आठवला नाही. आठवली ती मुंबई. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरणगावातल्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती. जी. फिंडले शिरास यांनी तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध केला. त्या चाळींतल्या खोल्यांत अन्नावर जाणारा वाटा ५६.८ टक्के होता. पण त्या अहवालातले लक्षात राहणारे वाक्य टक्केवारीचे नाही. कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळी संहितेत मंजूर केलेल्या कमाल धान्याएवढे आहे, मात्र मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्याला ठरवून दिलेल्या आहाराहून कमी आहे, असा निष्कर्ष त्यात काढलेला आहे. त्याआधी जवळजवळ अर्धशतक दादाभाई नौरोजींनी हीच युक्ती वापरली होती: हिंदुस्थानातल्या माणसाचे सरासरी उत्पन्न काढायचे आणि ते कैद्याला जगवायला लागणाऱ्या खर्चाशेजारी ठेवायचे. म्हणजे घरखर्चाची तुलना आपल्याकडे सुरू झाली ती इंग्लंडशी जितकी, तितकीच तुरुंगाशी.

हे वाचताना माझ्या लक्षात आले की तुलनेत खरा प्रश्न आकड्यांचा नसतो, खात्यांचा असतो. कोणता खर्च कोणत्या नावाखाली मांडायचा आणि त्याला आवश्यक म्हणायचे की वायफळ, हे वही वाचणारा ठरवतो. शेतकरी लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून तो कर्जात बुडतो, हे मत एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांत आणि आपल्याकडच्या विद्वानांत सर्रास होते. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्याचा समाचार घेतला तो शेतकऱ्याच्या घरातल्या वस्तूंची आणि त्याच्या लग्नातल्या जेवणाची यादी समोर ठेवून. मला वाटते, मराठीतले ते घरखर्चाचे पहिले थोर वाचन असावे. त्यांनी साहेबांच्या आकड्याला दुसऱ्या आकड्याने उत्तर दिले नाही. खाते उघडून आत काय आहे ते दाखवले.

आता पुन्हा दादाच्या तक्त्याकडे. त्यात एक ओळ त्याने पिवळ्या रंगाने ठळक केली होती, औषधपाण्याची. न्यू जर्सीच्या रकान्यात मोठा आकडा, बहुतेक विम्याच्या हप्त्यांचा. अमेरिकेतल्या सरासरी कुटुंबाचाही आरोग्यावरचा खर्च २०२३ साली एकूण खर्चाच्या आठ टक्के होता आणि त्यातलाही मोठा भाग हप्त्यांचाच. उमापूरच्या रकान्यात मात्र नगण्य काहीतरी, कित्येक महिने नुसती आडवी रेघ. अण्णा रिकाम्या रकान्यात कधी शून्य लिहीत नसत, एक बारीक आडवी रेघ ओढीत. दादाची टीप अशी: 'आमचा विमाच अण्णांच्या किराण्याहून जड! पण बघ, तेव्हा माणसं किती ठणठणीत होती. घरचं अन्न, मोकळी हवा.'

मला राग आला. का आला ते लगेच सांगता आले नाही, म्हणून मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पेटीतल्या वह्या पुन्हा काढल्या आणि १९८६ ते १९९४ पर्यंतच्या औषधपाण्याच्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवून काढल्या. वर्गात मी मुलांना सांगत असते की संहितेत जे आहे ते तर वाचाच, पण काय असायला हवे होते आणि नाही, तेही वाचा. 'स्मृतिचित्रे' शिकवताना टिळकांच्या हाती पैसा कसा टिकत नसे त्या प्रसंगांना वर्ग हसतो. मग मी विचारते, त्या महिन्यात घरात चूल कशी पेटली असेल? बेबीताई कांबळ्यांचे 'जिणं आमुचं' शिकवताना हा प्रश्न विचारावाच लागत नाही. पण स्वतःच्या वडिलांची वही मी कधी अशी वाचली नव्हती.

नोंदी अशा होत्या. धाकटीचा खोकला, बाटली. (धाकटी म्हणजे मी.) दादाचे डोळे, चष्मा. अण्णांची दाढ. बैलाचे औषध. पुन्हा बैलाचे औषध, पायाला. आत्याबाईंचे बाळंतपण, डिंक व मेथी; हे खरे तर आहेराच्या खात्यात जायला हवे होते, पण अण्णांनी औषधपाण्यात घातले होते. माझा विंचू, गेवराईस जाणे-येणे धरून. आठ वर्षांच्या नोंदींत घरातल्या प्रत्येकाचे नाव सापडले, बैलाचेही सापडले. आईचे सापडले नाही. नंतर १९९४ च्या मे महिन्यात, एका पानावर, बाकीच्या सगळ्या खात्यांवरून आडवी गेलेली एकच ओळ: 'सौ. शस्त्रक्रिया.' पुढे त्या घराच्या चार-पाच महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम आणि तिच्याखाली तीन नावे, प्रत्येकापुढे 'उसने'. त्यानंतर दोन वर्षे दर महिन्याला 'देणे'च्या खात्यात ती तीन नावे फेडली जाताना दिसतात. त्या दोन वर्षांत कापडचोपडाच्या रकान्यातही बहुतेक आडव्या रेघाच आहेत.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मला आठवते ते एवढेच की जिल्ह्याच्या गावी एका दवाखान्यात आईची पिशवी काढली आणि महिनाभर आत्या घरी होती. पण त्याच्या आधीचेही काही आठवते, जे मी या नोंदी वाचेपर्यंत कधी एकत्र जोडले नव्हते. दुपारी शाळेतून आले की कधीकधी आई फरशीवर पोट दाबून पडलेली असे. चुलीत विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून पोटाशी धरलेला. मला पाहून ती उठे आणि विचारे, 'भाकरी खातीस का?' ही वीट मला माझ्या बालपणातल्या इतर वस्तूंसारखीच एक वस्तू वाटत होती. जातं, पाटा, उखळ, वीट.

मी आईला विचारले. ती ओसरीत कापसाच्या वाती वळत होती. म्हटले, 'आई, एवढी वर्षं दुखत होतं, तर अण्णांनी आधीच कसं नाही नेलं तुला?'

ती वात वळतच म्हणाली, 'त्यांना कुठं ठाऊक व्हतं?'

'असं कसं? घरात होते की.'

'सांगितलंच न्हाई म्या. सांगितलं असतं तर नेलं असतं त्यांनी. बैलाला न्यायचे, मला नसतं नेलं?'

'मग सांगितलं का नाहीस?'

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'वही देवळीत असायची की उघडी. मला अक्षर लागत नव्हतं फार, पण आकडा कळायचा. त्यांनी रेघ मारली की खालचा आकडा बघायचे मी. त्या आकड्यात अजून काय बसंल, काय न्हाई, ते दिसायचं. दादाची फी बसवायची व्हती. तुझी बसवायची व्हती.' आणि थोड्या वेळाने, जणू बैलावर अन्याय व्हायला नको म्हणून: 'बैल लंगडला की दिसतं गं. मी काय लंगडत नव्हते.'

मी अण्णांच्या वहीला एका माणसाचे लेखन समजत होते. त्या वहीला एक वाचक होता आणि तो वाचक रोज रात्री, अण्णा झोपल्यावर, पुढच्या दिवसाचा मजकूर ठरवत होता. औषधपाण्याच्या खात्यातली ती आडवी रेघ अण्णांनी ओढली होती, पण ती मोकळी ठेवली होती आईने. आणि चाळीस वर्षांनी तिच्याच मुलाने ती न्यू जर्सीत बसून 'ठणठणीत' अशी वाचली.

तेव्हा मला घरखर्चाच्या आंतरराष्ट्रीय तुलनेविषयी जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे. भरलेला रकाना बहुतेक खरे बोलतो. एंगेलचा नियम दीडशेहून अधिक वर्षे टिकला तो त्यामुळेच. माणूस खातो ते लपत नाही. रिकामा रकाना मात्र वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या घरांत अगदी वेगवेगळे बोलतो आणि तक्त्यात सगळीकडे सारखाच दिसतो. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. तेव्हापासून तिथल्या घरच्या वहीत डॉक्टरच्या नावापुढे जर काही नसेल, तर त्याचा अर्थ तो खर्च सगळ्यांच्या करांतून सगळ्यांनी मिळून केला आहे. आपल्याकडे २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाचा तृणधान्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांच्याही खाली दिसतो, जो १९९९-२००० मध्ये सुमारे बावीस टक्के होता. चहा, पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांवरचा वाटा, ९.६२ टक्के, आता त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तो आक्रसलेला रकाना काही अंशी आहार बदलल्यामुळे आहे आणि काही अंशी रेशनच्या धान्यामुळे, जे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अल्प दरात आणि जानेवारी २०२३ पासून मोफत मिळू लागले. ही एक रिकामी जागा आहे आणि तिच्यामागे शासन उभे आहे. गावात घरभाड्याचा रकाना रिकामा असतो, त्यामागे आजोबांनी बांधलेल्या भिंती उभ्या असतात. आणि १९८६ च्या उमापुरात औषधाच्या रकान्यामागे तापवलेली वीट होती.

देशाच्या आरोग्यखात्याचे हिशेब सांगतात की एकूण आरोग्यखर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेला वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट चांगली आहे आणि मला तिच्यावर शंका घ्यायची नाही. पण खिशातून कमी जाण्याला दोन वाटा असतात: दुसऱ्या कोणी तरी भरले ही एक, भरलेच नाही, कारण गेलेच नाही, ही दुसरी. टक्केवारी या दोन वाटा वेगळ्या करून दाखवत नाही. ते काम विचारणाऱ्याचे असते.

आमच्या जिल्ह्यात हे विचारण्याचे कारण जुने झालेले नाही. दसरा-दिवाळीनंतर बीडमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो आणि ती तोडीतून फेडायची असते. एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. ज्या घराने हा खर्च केला त्या घराच्या तक्त्यात तो 'आरोग्य' या खात्यात जाईल आणि कोणी अभ्यासक म्हणेल, आरोग्यावरचा खर्च वाढतो आहे, जागरूकता येत आहे. पण खाडा पडू नये म्हणून जी करावी लागली, ती शस्त्रक्रिया औषधपाण्याच्या खात्यात मांडायची की मजुरीच्या?

मी बी.ए.च्या मुलांना एकदा 'आमच्या घरचा एक महिना' असा निबंध दिला होता. बहुतेकांनी दिवाळीचा महिना निवडला. एका मुलीने लिहिले होते की तिच्या घरी औषधाला फारसा खर्च होत नाही, कारण आजारपणाचे दिवस कारखान्यावर जातात आणि तिथला खर्च मुकादमाच्या वहीत असतो. मी त्या वाक्याखाली लाल शाईने 'अधिक स्पष्ट करा' असे लिहिले होते. आता ते आठवले की लाज वाटते. याहून स्पष्ट काय लिहायचे राहिले होते? त्या घराचा हिशेब त्या घरात नव्हता. आपल्या वहीत रेघ आणि दुसऱ्याच्या वहीत आकडा, हा तिच्या घरच्या जमाखर्चाचा नियम होता आणि तो एका वाक्यात तिने सांगितला होता.

शेवटी मी दादाला फोन केला. रागाने नाही, तोवर राग ओसरला होता आणि नुसते सांगायचे उरले होते. आठ वर्षांच्या नोंदी वाचून दाखवल्या. बैलाचे औषध आले तेव्हा तो हसला, आणि 'सौ. शस्त्रक्रिया' आल्यावर गप्प झाला. मग आईचे बोलणे सांगितले. फी बसवायची होती, हे वाक्य सांगावे की नाही याचा मी दोन दिवस विचार केला होता. ज्या शिक्षणावर तो तिकडे गेला, त्याच्या फीचा तो रकाना होता. आणि माझा एम.ए.चाही. पण ते गाळले असते तर मीही एक रेघच ओढल्यासारखे झाले असते. म्हणून सांगितले.

बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. मी वाट पाहिली. मग दादा म्हणाला, 'आमच्याही तक्त्यात एक रेघ आहे.'

मला कळले नाही.

'पाळणाघर,' तो म्हणाला. 'इथं लोकांचा अर्धा पगार त्यात जातो. आमचं नऊ वर्षं शून्य. मी मित्रांना अभिमानानं सांगायचो की आम्ही कसं बचतीत भागवलं.'

वहिनी इंजिनियर आहे. २००६ साली पहिला मुलगा झाला तेव्हा ती एच-४ व्हिसावर होती, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधाराने तिथे राहायचे, स्वतः नोकरी करायची नाही. मे २०१५ मध्ये नियम बदलून त्यातल्या काही बायकांना कामाची परवानगी मिळू लागली. तोवर तिच्या पदवीला धूळ बसली होती. या काळात ती दर उन्हाळ्यात उमापूरला येई आणि आईच्या शेजारी बसून शेंगा फोडी. दोघी फारसे बोलत नसत, आणि मला वाटे की सासू-सुनेचे जमत नाही. आता वाटते, त्यांना एकमेकींना समजावून सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

'तिला विचारलंस का कधी?' मी दादाला म्हटले.

'नाही,' तो म्हणाला. 'तिनं सांगितलं नाही कधी.'

हे वाक्य मी नुकतेच ओसरीत ऐकले होते, उलट्या बाजूने. न्यू जर्सी आणि उमापूर यांच्यामध्ये अन्नाच्या हिश्श्याचा केवढा फरक आहे ते दादाच्या तक्त्याने अचूक दाखवले होते; त्या दोन घरांत सारखे काय आहे ते मात्र त्याच्या ज्या ओळीत काहीच लिहिलेले नव्हते तिथे निघाले. अर्थात आईची वीट आणि वहिनीचा व्हिसा एका मापाने मोजायचा नाही. एकीकडे शरीर पणाला लागले होते, दुसरीकडे वर्षे. पण दोन्ही तक्त्यांत त्याची किंमत मांडलेली नाही, हे खरे.

दादाने तो तक्ता नंतर पुन्हा केला आहे. टक्केवाऱ्या त्याच आहेत. फक्त शेवटी एक नवा रकाना जोडला आहे, 'शून्य का?' अशा शीर्षकाचा. तो बहुतेक रिकामाच आहे, पण पाळणाघराच्या पुढे वहिनीने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या आहेत, असे तो म्हणाला. काय लिहिले ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

आईचा खर्च आता आम्ही दोघे मिळून पाहतो. दर महिन्याच्या शेवटी मी फोन करते आणि खाती एकेक करून विचारते. ती कंटाळते, पण सांगते. गेल्या महिन्यात औषधपाण्याचे विचारले तर म्हणाली, 'काही न्हाई. मार रेघ.'

'का काही नाही? गुडघ्याच्या गोळ्या संपल्या असतील की.'

'दुखत न्हाई म्हणून घेतल्या न्हाईत. खरंच न्हाई दुखत गं.'

तिच्या आवाजावरून काही कळेना. दुसरा दिवस रविवार होता. मी सकाळची गेवराईची गाडी पकडली.